प्रवाशाला पायघड्या, खलाशाच्या खिशाला कात्री!

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही २०१७ मध्ये याच जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या ‘कोरड्या बंदरा’चे भूमिपूजन झाले. पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला आणि वाटेवरचे शेतकरी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. समृद्धी महामार्ग तर जिल्ह्याच्या छातीवरून आधीच गेला आहे. म्हणजे समुद्र वर्ध्याला येत नसला तरी वर्ध्याची जमीन समुद्राकडे धावू लागली आहे. मग प्रश्न असा की, जमीन समुद्राकडे गेली, माल समुद्राकडे गेला, पण या जिल्ह्यातील बौद्ध, मातंग, आदिवासी, भटक्या समाजाचा पोरगा समुद्रावर जायला निघाला तर त्याच्यासाठी कोणता रस्ता आहे? त्या रस्त्यावर टोलनाका कोणाचा? आणि टोल कोण वसूल करतो?

हा प्रश्न आजच विचारण्याचे कारण आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा केली. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करून दहा लाखांवर नेण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. या जहाजांतून येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी सरकारने काय काय केले ते पाहा. मुंबई, मुरगाव, नवे मंगळूर, कोची, चेन्नई या बंदरांवर ई-व्हिसा चालतो. वकिलातीच्या दारात उभे राहण्याची गरज नाही. घरी बसून अर्ज करायचा, फोटो टाकायचा, पैसे भरायचे. तीस दिवसांच्या पर्यटक ई-व्हिसाचे शुल्क बहुतेक देशांच्या नागरिकांना एप्रिल ते जून या काळात १० डॉलर आणि उरलेल्या नऊ महिन्यांत २५ डॉलर, एका वर्षासाठी ४० डॉलर, पाच वर्षांसाठी ८० डॉलर, असे दर २०१९ मध्ये ठरले. क्रूझ प्रवाशांना रांगेत ताटकळावे लागू नये म्हणून बोटांचे ठसे घेण्यातूनही काही वर्षे सूट दिली गेली. कोरोनानंतर पर्यटन पुन्हा उभे राहावे म्हणून पहिल्या पाच लाख पर्यटकांना ३१ मार्च २०२२ पर्यंत व्हिसा फुकट देण्याचे जाहीर झाले.

आमचा याला विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पाहुणा आला तर त्याला दार उघडावे, ही बुद्धाच्या भूमीची रीत आहे. शुल्क कमी असेल तर श्रीलंकेचा भिक्खू येईल, थायलंडचा उपासक येईल, जपानचा शेतकरी येईल आणि मुंबईत उतरून अजिंठा, वेरूळ करीत नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंतही येईल. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीच्या लेण्यांत भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६०० रुपये असा प्रवेशाचा दर २०१८ मध्ये झाला. पण सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागतो. म्हणजे श्रीलंका, थायलंड, म्यानमार, भूतान या बौद्ध देशांतील माणूस आपल्या लेण्यांत ४० रुपयांतच जातो. ही चांगली गोष्ट आहे.

आमचा मुद्दा वेगळा आहे. हे जे सारे शुल्क आहे ते लिहिलेले आहे. फलकावर आहे, संकेतस्थळावर आहे, त्याची पावती मिळते. अमेरिकेचा कोट्यधीश असो की केनियाचा शिक्षक, दर पाहून तो पैसे भरतो, आणि पैसे भरल्यावर त्याला कोणी आत जाण्यापासून रोखत नाही. लिहिलेले शुल्क हा कायदा असतो. न लिहिलेले शुल्क ही जात असते! आंबेडकरी माणसाला हे वेगळे शिकवण्याची गरज नाही. कारण त्याच्या बापाने हे अनुभवले आहे आणि त्याच्या बापाच्या बापाने, बाबासाहेबांनी, ते लिहून ठेवले आहे.

बाबासाहेबांच्या त्या आत्मकथनपर लेखाचे नावच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आहे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेला हा मजकूर त्यांच्या परिनिर्वाणानंतर, १९९० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. आज अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी तो वाचतात. आमच्या किती घरांत तो वाचला जातो, याचा विचार प्रत्येकाने करावा. या लेखात परदेशाचा व्हिसा नाही. आपल्याच देशात, आपल्याच गावात, आपल्याच माणसांच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला लागणाऱ्या परवान्याची ती कहाणी आहे.

ती कहाणी जहाजाशीही जोडलेली आहे. १९१७ चा उन्हाळा. पहिले महायुद्ध पेटलेले. लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेब परत निघाले. ते स्वतः मार्सेलिसहून ‘कैसर-ए-हिंद’ जहाजात बसले. सामान मात्र दुसऱ्या जहाजावर होते. ते जहाज टॉर्पेडोच्या माऱ्यात बुडाले. सामान गेले, त्याची भरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. त्याच पैशातून घरखर्चाला काही रक्कम ठेवून ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. तेथे एका पारशी धर्मशाळेत रोज दीड रुपया भाडे देऊन राहिले. भाडे ठरले होते, भाडे भरले जात होते. तरीही अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि कोलंबियाच्या पदवीधराला संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम मिळाला. पैसे भरले तरी प्रवेश नाही! पुढे १९३४ मध्ये सुमारे तीस कार्यकर्त्यांसह ते दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. दारातल्या हौदावर हातपाय धुतले म्हणून गहजब झाला. शेवटी आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला. पर्यटक म्हणून आलेल्या माणसांकडून वसूल झालेले हे ‘प्रवेश शुल्क’ कोणत्याही फलकावर लिहिलेले नव्हते.

आज धर्मशाळेच्या दारात काठ्या घेऊन कोणी उभा राहत नाही, असे म्हणणारे महाभाग आमच्यातही आहेत. काठीची जागा कोणी घेतली ते त्यांना दिसत नाही. तिची जागा दलालाने घेतली आहे!

समजा, सेलू तालुक्यातल्या एखाद्या गावातला एक मुलगा आहे. बारावी झाली, हॉटेल मॅनेजमेंटची पदविका झाली. बाप दोन एकर कोरडवाहू कापूस पिकवतो, आई बचत गटात आहे. मुलाने मोबाइलवर क्रूझ जहाजाची जाहिरात पाहिली. पांढरा गणवेश, निळे पाणी, डॉलरमध्ये पगार. शहरातल्या एका एजंटाने बोलावले. नोंदणीचे अमुक, मुलाखतीचे तमुक, ‘वरच्या साहेबांचे’ वेगळे, आणि शेवटी ‘व्हिसाचे’ वेगळे. कोणत्याच पैशाची पावती नाही. आई डोरले मोडते, बाप अर्धा एकर गहाण टाकतो. मुलगा कधी मुंबईच्या लॉजमध्ये महिनाभर फोनची वाट पाहत बसतो, कधी भलत्याच देशाच्या भलत्याच जहाजावर पोहोचतो. जहाजावर खरोखर चढला तरी पहिल्या कराराचा पगार कर्ज फेडण्यातच जातो. हे उदाहरण कल्पित आहे. परंतु वाचकांनी आपल्या मोहल्ल्यात चौकशी करावी आणि ते किती कल्पित आहे ते स्वतःच ठरवावे. बिनपरवाना एजंटांपासून सावध राहा, असे इशारे मुंबईचे नौवहन महासंचालनालय वारंवार काढते. रोग नसता तर औषधाची जाहिरात कशाला लागली असती?

आता कायदा काय सांगतो ते नीट वाचा, पाठ करा, आणि विहारात मोठ्याने वाचून दाखवा. २००६ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सागरी कामगारांचा करार संमत केला. भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०१६ मध्ये भरतीचे नियम केले. या कराराप्रमाणे जहाजावर नोकरी मिळवून देण्यासाठी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतेही शुल्क घेता येत नाही. कामगाराने खर्च कशाचा करायचा? वैद्यकीय तपासणीच्या दाखल्याचा, सीडीसी म्हणजे खलाशाच्या नोंदवहीचा, आणि पासपोर्टचा. आणि व्हिसाचा? व्हिसाचा खर्च जहाजमालकाने करायचा आहे! हे करारात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. अमेरिकेच्या बंदरात जाणाऱ्या जहाजावर काम करायचे तर खलाशाला वेगळा व्हिसा लागतो. त्याचे शुल्क २०२३ मध्ये १६० वरून १८५ डॉलर झाले, म्हणजे आजच्या भावाने सोळा हजार रुपयांच्या वर. ते मालकाच्या खिशातून जायला हवे. वर्ध्याच्या कापूस उत्पादकाच्या खिशातून नव्हे!

येथे एजंट एक चलाखी करतात. ते म्हणतात, “तू कुठे खलाशी आहेस? तू तर वेटर आहेस, तुला तो नियम लागू नाही.” हे धादांत खोटे आहे. जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारा माणूस हा त्या कराराप्रमाणे सागरी कामगार आहे. इंजिन चालवणारा जसा, तसाच भांडी घासणारा, खोल्या झाडणारा, ताटे वाढणारा. ज्यांनी हजारो वर्षे कामावरून माणसाची प्रत ठरवली त्यांच्या देशात ‘वेटर म्हणजे खलाशी नव्हे’ ही पळवाट सुचावी, यात नवल ते काय?

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळेच फुकट नाही. सुरक्षिततेचे प्राथमिक प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतून घ्यावे लागते, त्याची फी असते. प्रौढांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे. वैद्यकीय तपासणीला पैसे लागतात. हे खर्च खरे आहेत, लिहिलेले आहेत, त्यांची पावती मिळते. ज्याची पावती मिळत नाही तो खर्च नव्हे, ती लूट आहे. एवढा एक फरक आमच्या आईबापांना कळला तरी अर्धे दलाल दुकान बंद करतील.

समुद्रावर आमच्या पोरांची गरज नाही असे कोणी समजू नये. जगाच्या जहाजांवर आज सुमारे तीन लाख भारतीय कामगार राबतात. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज कोरोनामुळे अडवून ठेवले. त्यावर ३७११ माणसे होती. भारतीय होते १३८, आणि त्यातले १३२ कर्मचारी! प्रवाशांना खोल्यांत विलग ठेवले, आणि त्यांच्या दारात जेवण पोहोचवत फिरत राहिले ते कर्मचारी. दोन महिन्यांनी ‘मरेला डिस्कव्हरी’ जहाजावरील १४६ भारतीय कामगार मुंबईच्या दारात आले. आपल्याच देशाचे नागरिक, आपल्याच देशाचा पासपोर्ट हातात, समोर मुंबई दिसते आहे, पण उतरता येत नाही. केंद्राने २१ एप्रिलला नियमावली काढली तेव्हा कुठे २३ एप्रिल २०२० रोजी त्यांचे पाय जमिनीला लागले. साथीच्या काळात काळजी घ्यायलाच हवी होती. पण ज्या देशाने प्रवाशांसाठी पाच बंदरांवर ई-व्हिसाचे दार आधीच उघडून ठेवले होते, त्या देशाकडे आपल्या कामगारांना घरी उतरवण्याचा कागद तयार नव्हता, हे विसरता येत नाही. तेही व्हिसाच्या प्रतीक्षेतच होते की!

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर सांगितले होते की, या देशातील कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दलाल हा या दोघांचा जावई आहे. एकाकडून तो ‘तुला आत घेणारा मी’ ही मिजास घेतो, आणि दुसऱ्याकडून माणसाच्या गरजेचा भाव लावायला शिकतो. मुंबईच्या गोदीत इंग्रजांच्या काळातही हाच धंदा होता. सारंग आणि दलाल यांना चिरीमिरी दिल्याशिवाय खलाशाला जहाज मिळत नसे, हे १९३१ च्या शाही मजूर आयोगानेही नोंदवले. १९२० मध्येच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने खलाशांच्या भरतीवर नफा कमावू नये असा करार केला होता. आणि १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना या देशात सरकारी रोजगार विनिमय केंद्रांची सुरुवात झाली. त्या केंद्रांमागचा विचार काय होता? माणसाने नोकरी मागण्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत, कोणाच्या पाया पडू नये. नोकरीच्या दारात दलाल नसावा, सरकारी खिडकी असावी. आज ती खिडकी धूळ खात पडली आहे आणि दलालाचे वातानुकूलित कार्यालय झगमगते आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्या वर्धा जिल्ह्यापासून सुरू व्हाव्यात. जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात, तहसील कचेरीत आणि प्रत्येक आयटीआयच्या फाटकावर मराठीत एक फलक लावावा. त्यावर जहाजावरील भरतीचे परवानाधारक एजंट कसे ओळखावेत, कामगाराने कोणते पैसे भरायचे आणि कोणते भरायचे नाहीत, हे लिहावे. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा, हे वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरांत असावे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीचे आणि नवबौद्ध विद्यार्थी परदेशी शिकायला जातात, हे या चळवळीचे यश आहे. त्याच धर्तीवर समाजकल्याण खात्याने आणि बार्टीने सागरी प्रशिक्षणाची फी, राहण्याचा खर्च आणि मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च उचलावा. ज्या जिल्ह्याची जमीन बंदराला दिली, त्या जिल्ह्याच्या मुलांना बंदरातल्या आणि जहाजावरच्या नोकऱ्यांचे प्रशिक्षण जिल्ह्यातच मिळावे. आणि फसवणुकीची तक्रार घेऊन आलेल्या बापाला ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून पोलीस ठाण्यातून परत पाठवू नये. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात फसवणूक हा गुन्हा आहे.

परंतु केवळ सरकारकडे बोट दाखवून आमची जबाबदारी संपत नाही. मागण्यांचे निवेदन दिले, फोटो काढला, वर्तमानपत्रात छापून आणला, की आंदोलन झाले, ही सवय आता सोडली पाहिजे. जहाजावर जायचे आहे असा मुलगा वस्तीत असेल तर त्याच्या घरी जा. एजंटाचा परवाना क्रमांक मागा. नौवहन महासंचालनालयाच्या यादीशी तो ताडून पाहा. रोख पैसे देऊ देऊ नका, बँकेतून द्या, पावती घ्या. करार हातात आल्याशिवाय शेत गहाण टाकू देऊ नका. पगारातून व्हिसाचे पैसे कापले तर तक्रार करा. जे समुद्रावर जाऊन आले आहेत त्या बांधवांनी सुट्टीवर आल्यावर केवळ परदेशी अत्तर वाटू नये. एक रविवार विहारात बसावे आणि पाच पोरांना खरा रस्ता सांगावा. समाजाचे देणे फेडण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

उद्या मुंबईच्या नव्या टर्मिनलवर पांढरेशुभ्र जहाज लागेल. त्यातून उतरणाऱ्या पाहुण्याने २५ डॉलर भरले असतील आणि त्याचे स्वागत होईल. होऊ द्या. पण त्याच जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखालच्या खोलीत, दोन पाळ्यांच्या मध्ये चार तास झोपलेला जो पोरगा आहे तो सेलूचा असेल, आर्वीचा असेल, हिंगणघाटचा असेल. त्याने किती भरले, कोणाला भरले आणि का भरले, हे ज्या दिवशी आपण विचारू, त्या दिवशी बाबासाहेबांच्या त्या लेखाचे नाव आपल्याला समजले असे म्हणता येईल.

बाबासाहेबांना प्रतीक्षा करावी लागली. आपण करायची नाही. आपल्या हक्काचा व्हिसा संविधानाने २६ जानेवारी १९५० रोजीच मंजूर केला आहे. त्यावर शिक्का मारण्याचे पैसे आता कोणालाही द्यायचे नाहीत.

जयभीम!